सही करण्याआधी एकदा गडावरून बघा : ग्रामीण बांधकाम परवानगी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, नगररचना, महाराष्ट्र राज्य,
सर्व मा. जिल्हाधिकारी,
आणि प्रादेशिक योजनेच्या हद्दीतल्या बांधकामाच्या फायली तपासणारे नगररचनाकार, सहायक नगररचनाकार व रचना सहायक

विषय : डोंगराळ ग्रामीण भागात बांधकामाला परवानगी देताना ती जागा कुठून कुठून दिसते, हे तपासण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी पुणे जिल्ह्यात वास्तुविशारद म्हणून काम करतो. बावीस वर्षं झाली. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यातल्या शेतघरांच्या, प्लॉटच्या ले-आउटच्या, छोट्या रिसॉर्टच्या फायली माझ्या टेबलावरून आपल्या टेबलावर येतात. सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा, रस्त्याचा पुरावा, पाण्याची सोय, सांडपाण्याची सोय हे सगळं त्यात असतं. आपल्या कार्यालयात माणसं किती कमी आहेत आणि फायली किती आहेत, हे मी समोरच्या बाकावर बसून पाहिलं आहे. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही. इतक्या कागदांमध्ये एक प्रश्न कुठेच विचारला जात नाही, आणि त्याची किंमत आपण सगळे मिळून मोजतो आहोत, म्हणून लिहितो आहे. जागा कुठून दिसते, हा तो प्रश्न.

अकरा वर्षांपूर्वी मी एक ले-आउट केला. राजगडाच्या पूर्वेला डोंगराची एक सोंड खाली उतरत येते आणि मध्येच सपाट होते. तिथे गवताचा माळ होता, वरकस जमीन, कधीकाळी वरई-नाचणी पिकत असे. मालकांना बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. मी कंटूर काढले, उतार तपासला, नियमात बसला. रस्ता बसला, मोकळी जागा बसली. मंजुरी मिळाली. माझ्या हिशेबाने ती स्वच्छ फाईल होती आणि आजही कुणी उघडून पाहिली तर तीत एक चूक सापडणार नाही.

चार वर्षांनी दसऱ्यानंतरच्या सुट्टीत मुलीला घेऊन राजगडावर गेलो. सुवेळा माचीवर नेढ्याच्या, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाच्या अलीकडे एक आजी ताक विकत बसल्या होत्या. दुपार कलली होती. आम्ही ताक घेतलं आणि मुलीने खाली बोट दाखवून विचारलं, ते निळं निळं काय आहे? खाली सगळा डोंगर वाळत आलेल्या गवताने पिवळा झालेला आणि त्यात एका सोंडेवर निळ्या पत्र्यांची रांग. मी ओळखलं. रस्त्याचं वळण मीच काढलेलं होतं.

आजी म्हणाल्या, "ते व्हय? ते माळावरचं बंगलं. आधी हितनं आमची गुरं दिसायची तितं." मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे घड्याळ नाही. गडाची सावली सरकत सरकत त्या सोंडेवर पोचली की त्या टोपली आवरतात, म्हणजे दिवस मावळायच्या आत खाली वाडीत पोचता येतं. "आता बी सावलीच बघते. पर ते पत्रं चमाकतंय, डोळ्यात जातंय, सावली कुठवर आली ते समजंना."

मी त्या आजींना सांगू शकलो नाही, की तो नकाशा माझा आहे. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

घरी येऊन मी जुनी फाईल काढली आणि काय चुकलं ते शोधत बसलो. चुकलं असं काही नव्हतं. आपली एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. तीत एकास पाच किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम करता येत नाही, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटर चढ आला की ती जमीन बाद. हा दंडक तिच्याही आधीपासून आपल्याकडे आहे आणि चांगला आहे. त्यामुळे डोंगर पोखरणं कमी होतं, दरड कोसळण्याचा धोका कमी होतो. पण हा दंडक मातीचा विचार करतो, नजरेचा करत नाही. सह्याद्रीचा घाट बघा. उभा उतार, मग सपाट पदर, पुन्हा उभा उतार, वर कड्याच्या काठाला येऊन थांबलेलं पठार. उतारावर बंदी घातली की बांधकाम सरकून कुठे जातं? पदरावर, सोंडेच्या टोकावर, पठाराच्या काठावर. याच जागा सपाट असतात आणि याच जागा सगळीकडून दिसतात. उतारावर झाडीत दडलेलं घर एक वेळ दिसणार नाही, पण पठाराच्या काठावरचं घर आभाळावर उमटतं. नकाशात जिथे डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग आखलेला आहे तिथली गोष्ट वेगळी. पण अशा कितीतरी सोंडा आणि माळ साध्या शेती विभागात येतात आणि तिथे उताराची अट पाळली की आम्ही मोकळे. आम्ही वास्तुविशारद ग्राहकाला सांगतो, "सपाट आहे, काळजी करू नका." ग्राहकालाही तेच हवं असतं, कारण जिथून सगळं दिसतं तीच जागा महाग विकली जाते. जिथून सगळं दिसतं ती जागा सगळ्यांना दिसते, एवढा साधा विचार त्या व्यवहारात कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

काही जण म्हणतील, की डोळ्यांना बरं दिसणं हा काही कायद्याचा विषय नाही. माझाही तोच समज होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आपल्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तरी विनंती, की कलम १४ आणि कलम २२ पुन्हा एकदा वाचावीत. प्रादेशिक योजनेत काय असावं ते कलम १४ सांगतं आणि विकास योजनेत काय असावं ते कलम २२ सांगतं. दोन्हींत रस्ते, शाळा, बाजार, पाणी यांच्या जोडीला निसर्गरम्य क्षेत्रांचं जतन, संवर्धन आणि विकास स्पष्ट शब्दांत आहे. साठ वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी निसर्गाचं दृश्य ही योजना आखताना जपायची गोष्ट मानली होती. आपण नकाशांत रस्त्याची रुंदी दाखवतो, हरितपट्टा दाखवतो, पूररेषा दाखवतो. दृश्य कुठे आहे, ते कुठून बघायचं, हे दाखवणारी रेघ किंवा ठिपका मला आजवर हाताळलेल्या एकाही नकाशात दिसलेला नाही.

दुसरी गोष्ट तर मला फार उशिरा कळली. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी एक अर्ज आहे, फॉर्म १-ए. त्यात सौंदर्यदृष्टीचा वेगळा भागच आहे. प्रस्तावित बांधकामामुळे एखादं दृश्य, निसर्गरम्यता किंवा भूदृश्य झाकलं जाईल का, असा थेट प्रश्न त्यात विचारलेला आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या देशात अधिकृत आहे, छापलेला आहे. फक्त तो २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामालाच लागू होतो. वीस हजार चौरस मीटर म्हणजे शहरातला मोठा गृहप्रकल्प. मावळातल्या डोंगरावर तेवढं मोठं सहसा काही येत नाही. तिथे येतं दीडशे-दोनशे चौरस मीटरचं शेतघर, मग शेजारी दुसरं, मग पलीकडच्या गटात आठ तंबू आणि एक पोहण्याचा तलाव, मग मोबाईलचा टॉवर, मग डोंगराला कापत गेलेला मुरुमाचा रस्ता. प्रत्येक फाईल लहान, प्रत्येक फाईल नियमात, आणि दहा वर्षांनी डोंगर ओळखू येत नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यातही इमारतींवरचा निर्बंध त्याच वीस हजाराच्या पुढे सुरू होतो. म्हणजे तो मसुदा उद्या अंतिम झाला, तरी त्या निळ्या पत्र्यांच्या रांगेला काही फरक पडणार नाही. ते काम जिल्ह्यातच, आपल्या टेबलावरच व्हायला हवं.

हे कसं करायचं, याची पद्धत जगात चांगली मुरलेली आहे. ब्रिटनमध्ये खेड्यापाड्यात पवनचक्की, सौर पॅनेलचं शेत, घरांची वसाहत असं काही उभं करायचं असेल तर अर्जाबरोबर भूदृश्य आणि दृश्यप्रभावाचं मूल्यमापन मागितलं जातं. तिथल्या भूदृश्य वास्तुविशारदांच्या संस्थेने पर्यावरण मूल्यमापन करणाऱ्यांच्या संस्थेबरोबर काढलेल्या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती २०१३ साली आली आणि आजही सगळे तिच्यावरच चालतात. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ते दोन गोष्टींची सरमिसळ करत नाहीत. एक, जमिनीचं रूप. दोन, माणसांना काय दिसतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. एखाद्या घळीत देवराई आहे, ती बाहेरून कुठूनच दिसत नाही. ती तोडली तर कुणाच्या नजरेला काही खटकणार नाही, पण त्या जमिनीचं रूप मोडलं. उलट, डोंगरधारेवर एक टॉवर उभा राहिला, त्यासाठी एक झाड पडलं नाही, पण तो चाळीस गावांना दिसतो. दोन्ही नुकसानच आहे, पण वेगवेगळं, आणि दोन्हींची तपासणी वेगळी करावी लागते. मग ते बघतात, की बघणारा कोण आहे. रस्त्याने गाडीत भुर्रकन जाणारा आणि त्याच दृश्यासाठी चालत आलेला, यांना ते एका मापाने मोजत नाहीत. जो दृश्यासाठीच आला आहे किंवा ज्याचं घरच समोर आहे त्याचं वजन जास्त. मग बदल केवढा आहे ते बघतात : किती मोठा, किती रुंद, कायमचा की काही वर्षांचा. नाजूकपणा आणि बदलाचा आकार यांची सांगड घालून निष्कर्ष काढतात आणि तो का काढला ते शब्दांत लिहितात. "छान दिसतं की वाईट दिसतं" असा आवडीनिवडीचा हा मामला नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या कुणाला आवडतात, कुणाला खुपतात. मूल्यमापन करणाऱ्याने त्या वादात पडायचं नसतं. काय होतं, काय होईल आणि ते कुणाला दिसेल, एवढं त्याने सांगायचं.

यातली पहिली पायरी आज आपल्याला जवळजवळ फुकट पडते. इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहावरून तयार केलेला जमिनीच्या उंचसखलतेचा तीस मीटरचा नकाशा 'भुवन' या इस्रोच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. क्यूजीआयएस नावाची नकाशाची प्रणालीही विनामूल्य आहे. सुवेळा माचीवर एक बिंदू ठेवायचा आणि संगणकाला विचारायचं, इथून कोणती जमीन दिसते? दिसणारा टापू रंगून येतो. हे मी घरच्या साध्या संगणकावर केलं आहे. एका तालुक्याला तीस-चाळीस बिंदू पुरतील : गडांच्या माच्या आणि बुरूज, घाटांच्या खिंडी, देवळांचे टेकाड, जत्रेचा माळ, पालखीच्या आणि एसटीच्या रस्त्यावरची दोन-चार वळणं जिथे खिडकीकडचा माणूस हटकून बाहेर बघतो. हे नकाशे विभागाने एकदा तयार करून गटनंबरांवर चढवले, तर अर्जदाराला पहिल्याच दिवशी कळेल, की आपला गट किती बिंदूंवरून दिसतो. शून्य आला तर विषय संपला, पुढे एक कागदही मागू नये. संगणकाला झाडं आणि घरं दिसत नाहीत, तो फक्त उघडी जमीन बघतो. म्हणून रंगलेला टापू म्हणजे निकाल मानायचा नाही, तिथे जाऊन बघायला हवं एवढाच त्याचा अर्थ.

जाऊन बघायचं म्हणजे काय बघायचं? जे अजून बांधलेलंच नाही ते दिसणार कसं? स्वित्झर्लंडमध्ये याचं साधं उत्तर आहे. तिथे परवानगी मिळण्याआधी जागेवर त्या घराच्या आकाराचे खांब उभे करावे लागतात. कोपऱ्यांवर उंचीइतके खांब, वर छपराचा कोन दाखवणारी पट्टी. हरकतींची मुदत संपेपर्यंत ते तसेच उभे असतात. गावातल्या कुणालाही नकाशा वाचता येण्याची गरज पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी हे करून बघितलं. एक गृहस्थ शेतघर बांधणार होते, जागा पुन्हा राजगडाच्याच बाजूला. त्यांनी निवडलेली जागा माळाच्या पुढच्या ओठावर होती. मी त्यांना म्हटलं, नकाशा काढण्याआधी एक दिवस मला द्या. वाडीतल्या दोन पोरांना घेऊन आम्ही सात-सात मीटरचे चार बांबू जोडून उभे केले, टोकाला लाल फडकी बांधली, सुतळीने ताणले. एका पोराला खाली ठेवून दुसऱ्याला आणि मालकांना घेऊन मी माचीवर चढलो. चारही फडकी नुसत्या डोळ्यांनी दिसत होती, सरळ रेषेत दोन किलोमीटरवरून. मी मालकांना एक हिशेब दाखवला. दोन किलोमीटरवरची नऊ मीटर उंच इमारत आपल्या डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या उंचीची दिसते. लहान वाटतं. पण असे बंगले तीनशे मीटर लांबीत रांगेने उभे राहिले तर हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी जागा ते व्यापतात. त्यांनी हात लांब केला, मूठ धरली आणि बराच वेळ तशीच धरून उभे राहिले.

मग आम्ही फोनवरून खालच्या पोराला सांगितलं, की बांबू मागे ने. साठेक मीटर मागे, बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे दोन आंबे आणि एक जांभूळ आहे. त्याने एकेक बांबू उपटून तिकडे नेऊन रोवला. चौथा बांबू रोवून झाला तेव्हा वरून एकाच फडक्याचं टोक दिसत होतं, तेही कुठे बघायचं ते माहीत होतं म्हणून. घर तिथे बांधलं. छपराला मातकट रंग, कौलं. ओसरीवर बसलं की आंब्याच्या फांद्यांमधून गड पूर्ण दिसतो. खर्च आला बांबू, सुतळी, चार फडकी आणि एक दिवसाचा. घराचं एक इंचही क्षेत्रफळ कमी झालं नाही.

त्या एका दिवसात जे झालं, ते नियमात आणायला काय लागेल? फार काही लागणार नाही. दिसणाऱ्या टापूतल्या ले-आउट, रिसॉर्ट, शेतघर आणि टॉवरच्या प्रस्तावाबरोबर दोन किंवा तीन ठरलेल्या बिंदूंवरून काढलेले फोटो मागा, जागेवर उंचीचे बांबू उभे असताना काढलेले. फोटो कोणत्या भिंगाने काढायचा तेही ठरवून द्या, कारण मोबाईलच्या रुंद भिंगात डोंगरच टेकडीएवढा होतो आणि बंगला ठिपका होऊन जातो. माणसाला जेवढं मोठं दिसतं साधारण तेवढंच पन्नास मिलिमीटरच्या भिंगातून दिसतं, ब्रिटनमध्ये तेच मागतात. आणि त्याच बिंदूवरून आधी मंजूर झालेली बांधकामं किती दिसतात याची नोंदवही ठेवा. दहावी फाईल एकटी तपासू नका, आधीच्या नऊंबरोबर तपासा.

ऋतूचाही विचार व्हावा. आमच्याकडे फोटो पावसाळ्यात काढायची चाल पडली आहे, कारण तेव्हा सगळं हिरवं आणि सगळं झाकलेलं असतं. आपल्या डोंगरातली बरीचशी झाडी पानगळीची. भाद्रपदात जे घर रानात हरवून गेलेलं असतं ते फाल्गुन-चैत्रात उघडं पडतं. सावर, पांगारा, पळस यांच्या फांद्यांवर फुलं असतात पण पानं नसतात, गवत कापलेलं किंवा जळलेलं असतं. तपासणी त्या दिवसांतली धरावी. पावसाळ्यातला फोटो जोडलेला असेल तर तो मागे पाठवावा, आमच्या व्यवसायातले लोक रागावतील, रागावू द्यावं.

रंग आणि उजेड यांच्या अटी तर आजच, कोणताही नियम न बदलता, परवानगीच्या पत्रात टाकता येतील असं मला वाटतं. सह्याद्रीत वर्षातले आठ महिने पिवळा, तपकिरी, काळा हेच रंग असतात. निळा पत्रा आणि पांढरी भिंत त्यात कुठेच बसत नाही, आणि काचेचा दर्शनी भाग उन्हात आरशासारखा लखलखतो. आणि रात्र. राजगडाच्या पद्मावतीच्या देवळात ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी मुक्काम केला त्यांना तो काळोख आठवत असेल. खाली वाड्यांचे चार-दोन पिवळे दिवे, बाकी दरी नुसती काळी, वर आकाशगंगा. आज दरीत पांढऱ्या झोताचे दिवे आहेत, कुंपणाला लावलेले, रात्रभर वर बघत जळणारे. दिव्याला वरून टोपण, उजेड खाली, रात्री अकरानंतर बंद. एवढ्या तीन गोष्टी सक्तीच्या केल्या तरी त्या दरीला रात्र परत मिळेल.

आता एका आक्षेपाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण तो आक्षेप मला वाडीतल्याच लोकांनी घेतला. ते म्हणाले, "साहेब, शहरातल्यांना आमचा डोंगर बघायचाय म्हणून आम्ही पडवी पण काढायची नाही काय? आणि अजून एक कागद म्हणजे अजून चार हेलपाटे." हे खरं आहे. डोंगर जपायच्या नावाखाली डोंगरातल्या माणसाला छळण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. म्हणून गावठाण आणि गावठाणालगतची स्थानिकांची राहती घरं, गोठे, वाढीव खोल्या या सगळ्यांना यातून पूर्ण वगळलं पाहिजे. ही सवलत म्हणून मागत नाही, त्यामागे कारण आहे. मावळातली जुनी वाडी कुठे वसलेली असते? डोंगराच्या कुशीत, वाऱ्याच्या आडोशाला, झऱ्याजवळ, आंबा-फणसाखाली, घराला घर लागून. धारेवर कुणी घर बांधलं नाही, कारण तिथे वारं छप्पर उडवतं आणि पाणी नाही. दिसण्याचं मूल्यमापन त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपोआप केलेलं आहे. ट्यूबवेल, टँकर आणि जेसीबी आल्यावरच धारेवर घर बांधणं शक्य झालं. त्यामुळे तपासणी त्या नव्या प्रकाराची व्हावी. शेतकऱ्याने आपला गट विकला तर त्याला भाव कमी येईल, ही भीतीही मी ऐकली आहे. माझ्या अनुभवात घर साठ मीटर मागे सरकल्याने कुणाचा सौदा मोडलेला नाही.

मी राजगडाचंच इतकं का बोलतो आहे, तेही सांगतो. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने आपले किल्ले जागतिक वारशात घेतले. बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण त्या नोंदीचं नाव बघा. तिथे नुसते किल्ले असा शब्द नाही, मराठ्यांचं लष्करी भूदृश्य असा आहे. म्हणजे तट-बुरुजांबरोबर ज्या डोंगररचनेवर ते उभे आहेत, ज्या दऱ्यांवर आणि घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी ते बांधले, तीही त्या वारशातच धरलेली आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर स्वच्छ हवेत उभं राहिलं की पश्चिमेला तोरणा, उत्तरेला सिंहगड, पूर्वेला पुरंदर, आणि नशीब असेल तर लिंगाणा-रायगडही दिसतात. रायगडाआधीची राजधानी इथे का होती, हे तिथे उभं राहिल्यावर पुस्तकाशिवाय समजतं. गड बांधणाऱ्याने आधी नजर टाकली, मग चिरा बसवला. केंद्र संरक्षित स्मारकांभोवती २०१० पासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित असा पट्टा आहे. तटाच्या दगडाला तो पुरतो. गडाची नजर मात्र पंचवीस-तीस किलोमीटर जाते, आणि राजगड तर राज्य संरक्षित आहे.

यात दिरंगाई झाली तर काय होतं याचं उदाहरण जर्मनीत आहे. ड्रेस्डेन शहरातली एल्ब नदीची दरी २००४ साली जागतिक वारसा झाली. तिथे दरीच्या मध्यावर एक चौपदरी पूल बांधायचं ठरलं. दरीच्या दृश्याचा कणाच मोडेल असं युनेस्कोने वारंवार कळवलं. तरी पुलाचं काम चालूच राहिलं आणि २००९ साली, पूल पुरा होण्याआधीच, ती दरी यादीतून काढून टाकण्यात आली. एकही राजवाडा पाडलेला नव्हता, एकही जुनी भिंत पडलेली नव्हती. जे मोडलं ते दृश्य होतं. आपल्या अकरा गडांच्या बाबतीत एकच मोठा पूल येईल असं मला वाटत नाही. आपल्याकडे ते दोन-दोन गुंठ्यांनी होईल.

आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतः गडांवर जाणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. एका रचना सहायकांना मी तोरण्याच्या वाटेवर पाठीवर पिशवी घेऊन चढताना बघितलं आहे. त्यांच्या टेबलावर त्याच दरीतल्या फायली असतात. त्या फायलींमध्ये त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली दरी कुठे लिहायची याला जागा नाही, म्हणून ते लिहीत नाहीत. त्यांना ती जागा द्या, एवढंच मी मागतो आहे. तपासणी सूचीत एक रकाना : जागा कोणत्या बिंदूंवरून दिसते, तिथे कोण उभं राहून बघून आलं, कोणत्या महिन्यात, आणि काय दिसलं. खाली त्याची सही.

येत्या फाल्गुनात, होळीनंतरच्या शनिवारी, मी आणि या भागात काम करणारे आमचे चार-पाच सहकारी पुन्हा बांबू उभे करणार आहोत. या वेळी तीन वेगवेगळ्या जागांवर : एक सोंडेच्या टोकाला, एक पदरावर, एक वाडीच्या वरच्या अंगाला झाडीत. तिघांची उंची एकच, फडकी वेगवेगळ्या रंगांची. आपल्या कार्यालयातून कुणी येणार असेल तर सकाळी सहाला निघू म्हणजे ऊन चढायच्या आत सुवेळा माचीवर पोचता येईल. गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाज्याची वाट खडी आहे, ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी पाली दरवाज्याने यावं, तिकडे पायऱ्या रुंद आहेत. आजी अजून ताक घेऊन बसतात. या वेळी मी त्यांना सांगणार आहे, की तो निळ्या पत्र्यांचा नकाशा कुणी काढला होता.

आपला विश्वासू,
एक वास्तुविशारद, पुणे जिल्हा